तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन कुठं गेलं

२०२३ ची दिवाळी झाल्यावरचा शनिवार होता, पुण्याहून साताऱ्याला मामांकडे निघालो होतो. शेजारी बायको, मागे आई, आणि डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे फराळाचे डबे सगळे आईच्या पायाशी. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि दुसऱ्या वळणानंतर तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकून एक्सलेटर दाबला तर गाडी पुढं जायच्या ऐवजी थरथरायला लागली. स्टिअरिंग थरथरतंय, सीट थरथरतेय, आई मागून म्हणाली "काय झालं रे, पंक्चर का?" आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला.

हा दिवा नुसता पेटलेला असणं आणि उघडझाप करणं यात फार फरक आहे, हे मला आधीपासून माहीत होतं म्हणून वाचलो. नुसता पेटला तर गाडी घरापर्यंत न्यावी आणि मग बघावं. उघडझाप करतोय म्हणजे कुठल्यातरी सिलेंडरमध्ये जाळ होत नाहीये, तिथलं इंधन न जळता तसंच सायलेन्सरकडे जातंय आणि पुढं तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतंय. तसंच दामटत राहिलं तर कन्व्हर्टर वितळून जातो आणि तो फार महाग असतो. म्हणून पहिली रुंद जागा दिसली तिथं डावीकडे घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि बंद केली.

पहिला संशय अर्थातच गॅसवर. बटण दाबून पेट्रोलवर घेतली, चालू केली, तेच. म्हणजे गॅसचा इंजेक्टर किंवा रेग्युलेटर नाही, कारण दोन्ही इंधनं एकाच वेळी बिघडायचं काही कारण नाही. पण चालू करताना एक गोष्ट कानाला खटकली आणि ती मला इथं नीट सांगायची आहे. सेल्फ मारताना चांगल्या इंजिनाचा आवाज एका लयीत येतो, घुर् घुर् घुर् घुर्, कारण प्रत्येक सिलेंडर आपापल्या पाळीला सेल्फला अडवतो. माझ्या गाडीचा आवाज येत होता घुर् घुर् घुर् आणि मग एक सटकल्यासारखी जागा, परत घुर् घुर् घुर् आणि परत सटकली. चार पायऱ्यांच्या जिन्यात एक पायरीच नसावी तसं. त्या पाळीला सेल्फला अडवायला कोणी नव्हतं. त्या दिवशी घाटात मला याचा पूर्ण अर्थ लागला नाही, पण आवाज डोक्यात बसला.

मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर माझ्याकडे असतो, त्यावर कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरचा मिसफायर. मग पेट्रोलवरच ठेवून तीन नंबरच्या पेट्रोल इंजेक्टरचा कनेक्टर काढून टाकला, म्हणजे निदान त्या सिलेंडरमध्ये इंधनच जाणार नाही आणि कन्व्हर्टर वाचेल. तीन सिलेंडरवर, चाळीसच्या वर न जाता, उरलेले चाळीसेक किलोमीटर साताऱ्यापर्यंत गेलो. आई पूर्ण वेळ हातात माळ धरून होती.

गाडीबद्दल थोडं सांगतो. २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व (हवा आत घेणाऱ्या इनटेक आणि धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट झडपा), ते उघडायला वर एकच कॅमशाफ्ट, तो फिरवायला टायमिंग बेल्ट म्हणजे पट्टा, आणि व्हॉल्व दाबणाऱ्या रॉकरवर स्क्रू आणि नट असलेले टॅपेट. सीएनजी किट २०१६ ला बाहेरून बसवलेलं. घटना घडली तेव्हा १,३८,००० किलोमीटर झाले होते आणि त्यातले अर्ध्याहून जास्त गॅसवर.

संध्याकाळी साताऱ्यात एका गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं बॉनेट उघडून एक्सलेटर दोनदा ओढला, सायलेन्सरला हात लावून पाहिला, ऑइलचं झाकण काढून वाफ पाहिली आणि म्हणाला, "इंजिन बसलं साहेब, रिंगपिस्टन करावं लागंल, पंचेचाळीस हजार धरून चला." म्हणजे पिस्टन आणि त्याच्या कडेनं दाब धरणाऱ्या रिंगा बदलायच्या. आणि हे काहीही न मोजता. मी घरी आलो तेव्हा तोंड उतरलेलं होतं, कारण पंधरा वर्षं जुन्या गाडीला पंचेचाळीस हजार घालायचे का विकून टाकायची हा हिशोब डोक्यात सुरू झाला होता.

माझे मामा एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होते, बत्तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाले. सगळं आयुष्य डिझेलवर गेलं पण इंजिन म्हणजे इंजिन. त्यांनी मला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "त्यानं गेज लावला का?" म्हटलं नाही. "मग त्याला कसं कळलं रिंगा गेल्या? आधी मोजायचं, मग खोलायचं. उद्या बघू." आई म्हणाली, "दादा, तुझ्या गुडघ्यांचं काय, खाली वाकायचं नाहीये तुला." मामा म्हणाले, "वाकायला हा आहे की."

रविवारी सकाळी अंगणात सुरू केलं. सगळ्यात आधी फुकटात होणारी तपासणी. तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) आणि प्लग काढून दोन नंबरला लावला, दोनचा तीनला. कॉइल किंवा प्लग खराब असता तर मिसफायर दोन नंबरला गेला असता, कोड पी ०३०२ आला असता. आला परत पी ०३०३ च. म्हणजे ठिणगी आहे, इंधन दोन्ही प्रकारचं आहे, तरी जळत नाही. जाळ व्हायला तिसरी गोष्ट लागते ती म्हणजे दाब, आणि घाटात सेल्फच्या आवाजात जी पायरी गायब होती ती हीच.

हा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजायचा गेज मी मागवून ठेवला होता कधीतरी, ९०० रुपयांचा, स्क्रूने प्लगच्या जागी बसणारा, पण तो होता पुण्यात. मग शेजारच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या टू व्हीलरवाल्याकडून गेज आणला. आता हे टेस्टिंग घाईत केलं तर आकडे खोटे येतात, मामांनी एकेक गोष्ट करून घेतली. इंजिन गरम पाहिजे. चारी प्लग बाहेर, नाहीतर सेल्फ हळू फिरतो. चारी कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, म्हणजे ठिणगी नाही आणि पेट्रोल नाही. गॅसचा व्हॉल्व टाकीवर बंद. बॅटरी दुसऱ्या गाडीला जम्पर लावून भरलेली ठेवली, कारण पहिल्या सिलेंडरला बॅटरी ताजी आणि चौथ्याला थकलेली असेल तर चौथा उगाच बदनाम होतो. आणि बायकोनं आत बसून एक्सलेटर पूर्ण खाली दाबून धरायचा, कारण थ्रॉटल बंद असेल तर सिलेंडरला हवाच मिळत नाही आणि सगळे आकडे कमी येतात. प्रत्येक सिलेंडरला सहा ठोके, कमी नाही जास्त नाही.

आकडे आले ते मामांनी खडूनं फरशीवर लिहिले. एक नंबर १७८ पीएसआय (दाबाचं माप), दोन १७६, तीन ३५, चार १७५.

मला वाटलं होतं तीन नंबर कमी असेल, शंभर बिंबर. पस्तीस बघून गेज खराब आहे का म्हणून परत एकला लावला तर तो परत १७८. मामा मात्र बाकीच्या तीन आकड्यांकडे बघत होते. म्हणाले, "तीन सिलेंडर पावणेदोनशेला आहेत आणि एकमेकांत तीन पीएसआयचा फरक. रिंगा झिजल्या असत्या तर चारी थोड्या थोड्या झिजल्या असत्या. पट्टा सरकला असता तर चारी पडले असते. हे एकाच ठिकाणी काहीतरी झालंय." अजून एक त्यांनी दाखवलं, की चांगल्या सिलेंडरला पहिल्याच ठोक्याला काटा शंभरच्या आसपास जातो आणि मग वर चढत जातो. रिंगा सैल असतील तर पहिला ठोका कमी येतो पण पुढच्या ठोक्यांना चढत चढत बराच वर जातो. आमचा तीन नंबर पहिल्या ठोक्याला तीसला गेला आणि पुढचे पाच ठोके तिथंच घुटमळत राहिला.

मग ओली टेस्ट. प्लगच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडायचं, दोन तीन फेऱ्या फिरवायचं आणि परत मोजायचं. ऑइल पिस्टनच्या कडेनं रिंगांवर उतरतं आणि तात्पुरतं सील करतं, त्यामुळं गळती रिंगांतून असेल तर आकडा झपकन वाढतो. आमचा ३५ चा झाला ४०. इथं त्या पंचेचाळीस हजाराच्या रिंगपिस्टनचा विषय माझ्यापुरता संपला. फक्त एक अट होती, पिस्टनलाच भोक पडलं असेल तरी ऑइलनं आकडा वाढत नाही, ते सरळ खाली जातं. पण तसं असतं तर ऑइलच्या झाकणातून भसाभस वाफ आली असती आणि ती तर जवळपास नव्हती.

आता उरले व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्ववाला वरचा भाग (हेड) आणि खालचे सिलेंडर यांच्यामधलं सील. यासाठी सिलेंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं. इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा पिस्टन, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, आणि शेजारच्या सिलेंडरमधून आली तर दोन सिलेंडरच्या मधलं गॅस्केट. मला सगळ्यात आवडलेली टेस्ट ही, कारण यात इंजिन स्वतः सांगतं.

गेजच्या नळीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा छोटा व्हॉल्व असतो तो काढून टाकला, नाहीतर हवा आत जातच नाही. मामांच्या समोर फर्निचरला पॉलिश मारणारा राहतो, त्याचा छोटा कॉम्प्रेसर आणला आणि ६० पीएसआयवर लावला. तीन नंबरचा पिस्टन टॉपला, म्हणजे अगदी वर, आणायचा आणि तोही कॉम्प्रेशनचा टॉप, म्हणजे दोन्ही बाजूचे व्हॉल्व बंद असलेला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे, म्हणून एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून पुलीवरची खूण जुळवली आणि तिथून बरोबर अर्धा फेरा पुढं फिरवलं की तीन येतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवा ढकलते ते जाणवतं, पण आमच्या तीन नंबरला हवाच नव्हती ढकलायला, त्यामुळं लांब स्क्रू ड्रायव्हर आत सोडून तो वर यायचा थांबला की टॉप, असं करून खात्री केली.

इथं एक सांगणं गरजेचं आहे. हवा सोडताना पुलीवर पाना ठेवू नका. पिस्टन टॉपच्या केसभर इकडं तिकडं असला तरी हवा त्याला खाली ढकलते, क्रँक फिरतो आणि पाना गरकन हातावर येतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, आणि पाना काढून बाजूला ठेवलेला.

हवा सोडली. आणि सुस्स्स असा आवाज आला दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून.

मी मामांकडे बघितलं. दोन आणि तीन शेजारी शेजारी. शेजारच्या सिलेंडरमधून हवा म्हणजे मधलं गॅस्केट उडालं, मीच पाच मिनिटांपूर्वी बायकोला समजावून सांगितलेलं. मी म्हटलं, सापडलं, गॅस्केट. मामा गप्प. खडूनं लिहिलेल्या आकड्यांपाशी जाऊन बसले आणि दोन नंबरच्या १७६ वर बोट ठेवून म्हणाले, "मधलं गॅस्केट गेलं असतं तर ह्याची हवा पण तिकडं पळाली असती. हा १७६ कसा भरला?"

पाचेक मिनिटं डोकं लावलं आणि मग कळलं. तीन नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असतो तेव्हा दोन नंबरपण टॉपलाच असतो, पण त्याचा तो एक्झॉस्ट संपून इनटेक सुरू व्हायचा टॉप असतो, आणि त्या क्षणी त्याचे दोन्ही बाजूचे व्हॉल्व किंचित किंचित उघडे असतात. म्हणजे हवा तीनमधून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (चारी सिलेंडरचा धूर एकत्र करणारी नळी) जात होती, तिथून दोनच्या अर्धवट उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्वमधून दोनमध्ये शिरत होती आणि प्लग काढलेला असल्यामुळं भोकातून बाहेर. गॅस्केटचा यात काही संबंध नाही. तो १७६ चा आकडा फरशीवर लिहिलेला नसता तर मी तिथंच ठरवून टाकलं असतं आणि हेडवाल्याला जाऊन सांगितलं असतं की फक्त गॅस्केट बदल.

एक, दोन, चारला प्लग परत लावले. सायलेन्सरच्या तोंडाला किराणाची पातळ पिशवी रबर लावून बांधली आणि हवा सोडली. पिशवी हळूहळू सरळ झाली, मग फुगली, मग टम्म झाली. कॉम्प्रेसरचा कॉक बंद केला की मलूल होऊन खाली पडायची, उघडला की परत उठायची. माझी मुलगी असती तर तिनं टाळ्या वाजवल्या असत्या, पण खरं सांगतो मला स्वतःला ते बघून अंगावर काटा आला. एअर फिल्टरचा पाइप काढून थ्रॉटलला कान लावला, तिथं नावाला हवा. ऑइलच्या झाकणातून अगदी बारीक फुसफुस, ती तर चांगल्या इंजिनातही येते. रेडिएटरमध्ये पाणी स्थिर, एक बुडबुडा नाही. म्हणजे तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व.

आता टॅपेट कव्हर काढलं. आठ मिनिटांचं काम. स्प्रिंगा तुटल्यात का बघितलं, सगळ्या धड. मग फिलर गेज घेऊन रॉकर आणि व्हॉल्वच्या टोकामधली फट मोजायला घेतली. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर ठेवायची असते. कव्हर काढेपर्यंत दुपार झाली होती, इंजिन गार पडलं होतं, तरी जेवून येऊन मोजलं. इनटेक सगळे जवळपास बरोबर. एक्झॉस्टला एक नंबरचे ०.१२ आणि ०.१०, दोनचे ०.१२ दोन्ही, चारचे ०.१० आणि ०.१२. आणि तीनचा एक ०.०८, दुसऱ्याला गेजची सगळ्यात पातळ पट्टी, ०.०४ ची, तीसुद्धा शिरली नाही. फट शून्य. रॉकर व्हॉल्वला दाबूनच बसलेला.

त्या क्षणी मला एक जुनी गोष्ट आठवली आणि पोटात खड्डा पडला. या गाडीच्या टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज यायचा, सकाळी थंड असताना जास्त. वर्षापूर्वीपासून तो कमी कमी होत गेला आणि उन्हाळ्यात तर बंदच झाला. मी ऑइल बदललं होतं त्याच सुमाराला, आणि बायकोला कौतुकानं सांगितलं होतं की बघ, नवीन ऑइलनं इंजिन कसं गप्प झालंय. ते ऑइलनं झालं नव्हतं. टिकटिक म्हणजे ती फट होती आणि ती फट संपत चालली होती म्हणून आवाज संपत होता. इंजिन मला वर्षभर सांगत होतं आणि मी खूश होतो. टॅपेट वाजला की सगळे घाबरतात, वाजायचा थांबला तर कोणी विचारत नाही, आणि गॅसच्या गाडीत दुसऱ्याची भीती जास्त असायला पाहिजे.

का, ते सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या भोवतीनं जळता वायू जातो, तो लालबुंद होण्याइतका तापतो. त्याला गार व्हायला मुख्य संधी एकच, बंद होऊन सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर, टेकतो तेवढा वेळ. तेवढ्यात त्याच्या कडेतली उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये जाते. गॅस कोरडा असतो, पेट्रोलसारखा ओलावा व्हॉल्व आणि सीटला मिळत नाही, त्यामुळं सीट जास्त झिजते. सीट झिजली की व्हॉल्व वर हेडमध्ये रुततो, त्याची दांडी वर येते आणि रॉकरखालची फट कमी होते. फट शून्य झाली की रॉकर व्हॉल्वला पूर्ण बसूच देत नाही. बसला नाही की गार होत नाही, वर त्या बारीक चिरेतून प्रत्येक ठोक्याला जळता वायू सुसाट जातो, गॅस कटरनं पत्रा कापावा तसं कडेला कापत जातो. हे हळूहळू चाललेलं असतं तोवर गाडी चालते, फक्त सकाळी थोडी फडफडते आणि मग सुधारते. मला तशी फडफड दोन महिने होती, मी प्लग बदलून गप्प बसलो होतो. मग एखाद्या दिवशी घाटात पूर्ण लोड येतो आणि कडेचा तुकडाच निघून जातो. म्हणून ते अचानक वाटतं.

पण मामांनी लगेच हेड काढू दिलं नाही. म्हणाले, नुसती फट नसल्यामुळं उघडा राहत असेल तर फट दिली की भरेल. नट सैल करून ०.२० फट दिली. कदाचित सीटवर कार्बनचा खडा अडकला असेल म्हणून व्हॉल्वच्या टोकावर लाकडी तुकडा ठेवून हातोडीनं चार पाच हलके ठोके पण दिले, म्हणजे व्हॉल्व उघडून झटक्यानं बसेल आणि खडा सुटेल. कव्हर तात्पुरतं लावून परत मोजलं. ५० आला. ३५ चा ५०, म्हणजे थोडा जास्त टेकला पण जिथं टेकायला धातूच नाही तिथं काय टेकणार. मामा म्हणाले, "आता काढ हेड. आता मन मोकळं करून काढ."

त्या दिवशी मी एसटीनं पुण्याला आलो, पुढचा शनिवार रविवार परत. हेड काढण्याचं सगळं वर्णन करत बसत नाही, कूलंट काढलं, मॅनिफोल्ड सोडले, टायमिंगच्या खुणा रंगानं रंगवून बेल्ट काढला, आणि हेडचे बोल्ट बाहेरून आत अशा क्रमानं, एकेक थोडा थोडा सैल करत काढले, एकदम काढले तर हेड वाकतं. हेड उचलून उलटं करून पोत्यावर ठेवलं.

बघताक्षणी दिसलं. सात एक्झॉस्ट व्हॉल्व फिकट तपकिरी, गोल. आठव्याच्या कडेचा पाचरीएवढा तुकडा गायब, उंदरानं भाकरीची कड कुरतडावी तसा. तुटलेल्या कडा वितळून गोल झालेल्या, आणि तिथून पुढं सीटवर आणि हेडच्या धातूवर एक पांढरट ओघळ गेलेला, वायू जायच्या वाटेनं. बोट फिरवलं तर खाच हाताला लागत होती. बाकीचे एक्झॉस्ट व्हॉल्वही थोडे आत रुतलेले होते, म्हणजे त्यांचीही पाळी आज ना उद्या येणारच होती. सिलेंडरच्या भिंतींवर होनिंगच्या (कारखान्यात घासून पाडलेल्या) तिरक्या रेषा अजून दिसत होत्या, पिस्टनचा माथा धड. हे मी मोबाइलवर फोटो काढून ठेवलं, कारण याच भिंतींवर मला रिंगपिस्टन करायला सांगितलं होतं.

हेड एमआयडीसीतल्या एका हेडवाल्याकडे दिलं, मामांच्या जुन्या ओळखीचा माणूस. आठही एक्झॉस्ट व्हॉल्व नवीन, आठही एक्झॉस्ट सीट काढून गॅसला चालणाऱ्या कडक धातूच्या बसवल्या, गाइडमध्ये (व्हॉल्वची दांडी जिच्यातून सरकते ती नळी) व्हॉल्व हलतो का ते बघून दोन गाइड बदलल्या, सगळे ऑइल सील नवीन, हेडचा सपाटपणा पट्टी लावून तपासला, तो बरोबर निघाला. मग लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व सीटवर घासून बसवणं. पेस्ट लावून व्हॉल्व दोन्ही तळहातांत रवीसारखा फिरवायचा, आवाज खरखर येतो तो हळूहळू मऊ होत जातो, आणि पुसून बघितलं की सीटवर राखाडी रंगाचं अखंड कडं उमटलं पाहिजे. त्यानं मला दोन व्हॉल्व करू दिले. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून हेड अर्धा तास ठेवलं, सोळापैकी कुठूनही थेंब आला नाही.

जोडताना गॅस्केट नवीन, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवीन (काढलेलाच होता, जुना परत लावण्यात अर्थ नाही), हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं आतून बाहेर, तीन टप्प्यांत. फटी थंड इंजिनावर मोजून दिल्या. सगळा खर्च सामान, हेडवाला, ऑइल, कूलंट धरून १८,६०० रुपये. आमची मजुरी धरलेली नाही, आणि मामींनी दोन रविवार अंगणातलं ऑइल धुतलं तेही नाही.

चालू केली तेव्हा आधी मी कव्हर बंद असताना नुसता सेल्फ मारला, इंजेक्टर काढून. घुर् घुर् घुर् घुर्. पायरी परत आली होती. मग गेज लावला: १८२, १८०, १७९, १८१. मामांनी जुन्या आकड्यांच्या खाली खडूनं तेही लिहिले आणि दोन दिवस तिथं पाणी मारू दिलं नाही.

त्यानंतर १,००० किलोमीटरला फटी परत मोजल्या, सीट नवीन असल्यामुळं थोड्या बसतात, दोन ठिकाणी ०.१८ झाल्या होत्या, परत ०.२० केल्या. चालू करताना आता सुरुवात नेहमी पेट्रोलवर होते आणि इंजिन गरम झाल्यावरच गॅसवर जाते, ते सेटिंग किटवाल्याकडून नीट करून घेतलं. जळका व्हॉल्व मामांच्या खिडकीत ठेवलेला आहे, गाडी दाखवायला कोणी आलं की ते आधी तो हातात देतात.

आता दर महिन्याला एकदा सकाळी थंड गाडी चालू करून मोबाइल टॅपेट कव्हरजवळ धरतो आणि मामांना व्हिडिओ कॉल लावतो, ते डोळे मिटून ऐकतात. गेल्या महिन्यात दुरुस्तीनंतर साडेअकरा हजार किलोमीटर झाले होते. ऐकून म्हणाले, "मागच्यापेक्षा जरा हळू वाजतंय. रविवारी ये, मोजून घेऊ." गेलो, मोजलं. तीन नंबरचा एक ०.१६ होता, बाकी सगळे ०.१८ च्या वर. तो ०.२० ला आणला, कव्हर लावलं, मामींच्या हातची झुणका भाकरी खाल्ली आणि खंबाटकीच्या बोगद्यातून संध्याकाळपर्यंत पुण्यात परत.